धोटेभाऊंची बसायची नोकरी

पाणीपुरवठ्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से मागू नयेत! तळ्यात गाळ साचावा तसे ते साचलेले असतात आणि एकदा उपसायला घेतले की तळ लागत नाही. मेश्राम फिटर, राठोड ऑपरेटर आणि मी, त्या वेळची ज्युनियर इंजिनिअर, असे तिघं अजूनही यवतमाळात कुणाच्या लग्नात भेटलो की आमचा विषय एकच. तो पंटून!

कापसाचं सगळंच बसलं होतं, अशी ती वर्षं. भाव पडलेले, सरकी काढायचे जिनिंग कारखाने एकेक करून बंद होत चाललेले. त्यात पाऊस कमी. आमच्या तालुक्याच्या गावाला पाणी देणारा तलाव आटत आटत पार मध्यावर गेला. मग उपाय एकच. बंद लोखंडी टाक्यांवर पाट्या जोडून तराफा, म्हणजे पंटून करायचा, तो खोल पाण्यात न्यायचा आणि त्याच्यावर मोटार ठेवून पाणी ओढायचं. मोटार एकुलती एक. ती बुडाली की गाव कोरडं!

*

पहिल्या दिवशी आम्ही मोटार मध्यभागी ठेवली, एका बाजूला विजेचं पॅनल आणि त्याच्या तोलाला दुसऱ्या बाजूला अवजारांची पेटी. पंटून परातीसारखा सपाट! मी खूश. राठोडनं नारळ फोडला, बटण दाबलं, आणि पाइप भरताच पाइपाकडची बाजू हळूहळू खाली जायला लागली.

मोटार मोजली होती, पॅनल मोजलं होतं. पाइपातलं पाणी मात्र कोणीच मोजलं नव्हतं!

आमचे रोजंदारीवरचे चौकीदार धोटेभाऊ पंटूनवरच आमचे जेवणाचे डबे सांभाळत बसले होते. पूर्वी ते जिनिंगमध्ये हमाल होते, ते बंद पडल्यावर आमच्याकडे आलेले. तरुणपणी कापसाची गाठ एकटे उलटवायचे म्हणे. आता स्वतःच गाठीएवढे झाले होते. ते उठले, वर उचललेल्या कोपऱ्याकडे गेले आणि धप्पकन बसले. पंटून सरळ!

आमचा जीव भांड्यात पडला. मेश्राम हात जोडून म्हणाला, "धोटे, आता उठू नोको बाप्पा! गावाचं पानी तुह्या बुडाखाली हाये!"

*

तुम्ही म्हणाल, तिथं दगड का नाही ठेवले? ठेवले की! पण तेव्हाचं लोडशेडिंग आठवा. वीज गेली की मोटार बंद, पाइपातलं पाणी उलटं तलावात आणि पंटून दुसऱ्या बाजूला कलता. दगडाला "सरक" म्हटलेलं समजत नाही. धोटेभाऊंना न सांगता समजायचं. मोटार चालू, धोटेभाऊ कोपऱ्यात. मोटार बंद, धोटेभाऊ मध्ये.

मेश्रामनं सलाईनची बाटली जवळजवळ भरून पॅनलखाली आडवी बांधली. तिच्यातला बुडबुडा मधोमध असला की सगळं ठीक. आणि एक नियम केला. पंटूनवर ज्याला उठायचं असेल त्यानं आधी ओरडायचं, "उठून राह्यलो!" बाकीच्यांनी "आलो!" म्हणत त्याच्या जागेकडे धावायचं, आणि मगच त्यानं उठायचं. कोणी नुसतं थुंकायला उठला तरी हेच.

*

धोटेभाऊंच्या मुलीला पाहायला ढाणकीहून पाहुणे आले. आपली माणसं म्हणून मेश्राम आणि राठोड समोरच्या खुर्च्यांवर, पोह्यांच्या बशा घेऊन. धोटेभाऊ मुलाच्या वडिलांशेजारी दिवाणावर. पाणी आणायला म्हणून ते उठायला गेले आणि तोंडातून निघालंच, "उठून राह्यलो!"

"आलो!" करत दोघं बशांसकट धावले ते थेट दिवाणावर! अर्धे पोहे मुलाच्या वडिलांच्या मांडीवर.

"हे काय होय?" पाहुणे दचकले.

"काही नाही काका," राठोड म्हणाला, "घर कललं नाही पाहिजे."

धोटेवहिनींनी तर कपाळालाच हात लावला. स्थळ गेलं, असंच सगळ्यांनी धरलं. पण मुलाचे वडील पोहे झटकत म्हणाले, "बाप उठला तं दोन मानसं धावतात. अशा घरची पोरगी आमाले पसंत हाये!"

*

लग्नाला धोटेभाऊंनी एक दिवसाची सुट्टी घेतली. त्यांच्या जागी बंद जिनिंगच्या काट्याची लोखंडी वजनं मागून आणली. नेमकी त्या दिवशी वीज सारखी ये-जा करत होती. गेली की मेश्राम आणि राठोडनं वजनं मध्ये ओढायची, आली की परत कोपऱ्यात. संध्याकाळी दोघं वाकलेल्या कमरेनं मांडवात पोचले.

"या, जेवून घ्या," धोटेभाऊ म्हणाले.

"जेवन राहू दे," मेश्राम म्हणाला, "उद्या कवा येतं ते सांग!"

तेवढ्यात मांडवातली वीज गेली. सगळे जागच्या जागी थांबले. वधूपिता मात्र कडेची खुर्ची सोडून शांतपणे मांडवाच्या मधोमध जाऊन बसले.

*

लग्नानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली, रोजंदारीवरची माणसं कमी करणार. धोटेभाऊ डबा अर्धा परत नेऊ लागले. जिनिंग बंद, शेतात मजुरी नाही, धाकटा मुलगा अजून शाळेत. जाणार कुठं? मलाही जेवण गोड लागेना. मी दोनदा वर सांगून पाहिलं, पण माणूस बसतो म्हणून गावाला पाणी मिळतं, हे ऑफिसात कोणाला खरं वाटेल?

शेवटी मोठे साहेब स्वतः पाहणीला आले. आम्ही त्यांना नावेनं पंटूनवर नेलं आणि अवजारांच्या पेटीवर बसवलं. मोटार जोरात चालू होती. साहेबांनी कोपऱ्यात बसलेल्या धोटेभाऊंकडे बोट केलं.

"हा काय करतो?"

"बसते, साहेब," मेश्राम म्हणाला.

"बसतो म्हणजे?"

"नेमका बसते."

साहेब लाल झाले. "शासन बसण्याचे पैसे देत नाही! उद्यापासून याला बंद करा."

धोटेभाऊ मानी माणूस. "बरं साहेब," ते म्हणाले. खांद्यावर दुपट्टा टाकला, डबा घेतला आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "उठून राह्यलो!"

मेश्राम बाटलीतल्या बुडबुड्याकडे पाहत राहिला. राठोड दूर बांधाकडे पाहत राहिला. मीही जागची हलले नाही.

धोटेभाऊ उठले. बुडबुडा सर्रकन पळाला. पाइपाकडची बाजू खाली गेली, पाणी पाट्यांवर आलं आणि साहेबांच्या बुटांत शिरलं. साहेबांनी दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारली.

"अहो, बसा! बसा ना धोटेसाहेब! बसा!"

धोटेभाऊ अर्धवट वाकून थांबले. "आजच्यापुरता बसू साहेब, का उद्या बी येऊ?"

"उद्या या! रोज या! पण आधी बसा!"

धोटेभाऊ बसले. बुडबुडा हळूहळू मधोमध आला. राठोडनं नाव जवळ आणली, पण साहेब काही केल्या पेटीवरून उठेनात. त्यांनी बुडबुड्याकडे पाहिलं, धोटेभाऊंकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. पुण्याकडचे साहेब ते. घसा साफ करून जिवाच्या आकांतानं ओरडले,

"उठून राह्यलो!"