कानातला कापूस

ती संध्याकाळ आठवली की आजही माझा जीव खालीवर होतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एक म्हातारे गृहस्थ सकाळी जिन्याखाली मृतावस्थेत सापडले. डोक्याला जखम होती. पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. एकुलता मुलगा कलकत्त्याला नोकरीला, त्याला तार गेली. आगगाडीनं त्याला तीन दिवस लागणार, म्हणून मडकं पुतण्यानं धरायचं ठरलं. मडकं धरील तोच घराचा वारस, अशी तेव्हा लोकांची समजूत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पुतण्या मुलाचं बखोट धरून ठाण्यात आला.

"सायेब, काल तार केली आन् आज ह्यो दारात! कलकत्ता काय हुपरी हाय व्हय, एस्टीत बसला आन् उतरला? ह्यो हितंच होता. ह्येनंच म्हाताऱ्याला ढकललं. बाप मेलाय, आन् कानात अत्तराचा फाया बघा की!"

कापूस दोन्ही कानांत होता खरा. मी मुलाला आत घेतलं.

"कसा आलास?"

"विमानानं!" तो ओरडलाच. हवालदाराला ती मग्रुरी वाटली.

"तिकीट?"

"टॅक्सीत पडलं, सायेब. रातभर विमान, मुंबईपासनं टॅक्सी. मला घाटावर जाऊ द्या."

"विमानात चढताना काय करतात?"

"सामानासंगट माणसालाबी वजनाच्या काट्यावर उभं करत्यात."

"माणूस म्हंजे काय गुळाची ढेप हाय?" दारातून पुतण्या खेकसला.

मी मुंबईला विमान कंपनीकडे ट्रंककॉल लावला. लाइन मिळेना. प्रेत घाटावर पोचलं होतं आणि दिवस मावळायच्या आत उरका म्हणून लोक दारात गलका करत होते. मुलगा उठायचा, बसायचा, पुन्हा खिडकीशी जायचा. मी तरी कुठे बसलो होतो?

शेवटी मी त्याच्या कानातला कापूस ओढून काढला आणि हुंगला. अत्तराचा मागमूस नव्हता.

"हे काय?"

"विमानात देत्यात. इंजनाच्या आवाजानं कान फुटत्यात." तो अजून ओरडतच होता. त्याला नीट ऐकूच येत नव्हतं.

खोटं बोलणारा तयारी करून येतो. हा कानातला कापूससुद्धा काढायला विसरला होता. मी ट्रंककॉलची वाट सोडली, दोन शिपाई बरोबर घेतले आणि त्याला जीपमध्ये घातलं.

मडकं त्याच्या हाती दिलं तेव्हा नदीवर जेमतेम उजेड उरला होता. शेणींची चिता पेटली आणि इतका वेळ कोरडा राहिलेला तो पोरगा ढसाढसा रडला. मागून हवालदार सायकलवर आला. मुंबईचा फोन लागला होता, प्रवाशांत त्याचं नाव होतं. हृदयविकाराचा झटका येऊन म्हातारा पडला, असं डॉक्टरांनीही पुढे कळवलं. पुतण्या नजर चुकवत उभा होता.

त्या दिवसापासून कुणी "हे शक्यच नाही" म्हणालं, की मी आधी विचारतो, कुणाला शक्य नाही? तो हजारावर मैल एका रात्रीत उडून आला होता. ठाण्यापासून घाट जेमतेम मैलभर, आणि तेवढ्यासाठी बापाचं शेवटचं दर्शन त्याला अंतरणार होतं.