रक्त वाढवणाऱ्या मावशी

लातूरच्या आमच्या घरमालकीण मावशींइतकं भिणारं माणूस मी अख्ख्या मराठवाड्यात दुसरं पाहिलं नाही. भूकंपात त्यांचं माहेरचं घर बसलं, तेव्हापासून त्या स्लॅबखाली गेल्या नव्हत्या. पक्क्या खोल्या आम्हा क्लासच्या पोरींना भाड्याने दिल्या आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली राहिल्या. आमच्या दारांच्या कड्यासुद्धा काढून टाकल्या, पळताना आडव्या येतील म्हणून. ट्रक गेला, ताटली वाजली, की मावशी पिठाच्या परातीसकट रस्त्यावर. भीती वाटत नव्हती ती फक्त रानातल्या पाल्याची. तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी. लोक तण म्हणून फेकत, ते त्या ओटीत भरून आणत. भाजीवर लिंबू पिळायचंच आणि जेवणावर चहा घ्यायचा नाही, हा कायदा. चहामुळे भाजीतलं लोह अंगी लागत नाही, हे मी पुढे बी.एस्सी.ला शिकले. मावशी म्हणत, चहा भाजीचं रक्त पितो. आम्ही चोरून करू म्हणून चहाचा डबा पदराखाली घेऊनच हिंडत.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच, पण बारावीतच ते सुटायची वेळ आली होती. क्लासमध्ये चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी सांगून गोळ्या दिल्या. मुखेडहून वडील आले ते माझी ट्रंक न्यायलाच. घरी गेले असते तर पुढे लग्नच होतं. मावशींनी दोन महिने मागून घेतले. "रक्त न्हाई वाढलं तर ट्रंक मी उचलून देते, भाऊ." मग शेवग्याचा पाला भाकरीत, वरणात, एकदा तर शिऱ्यातही आला. गोळ्या आणि पाला, दोन्ही मी घाबरत गिळत होते.

दोन महिन्यांनी वडील पुन्हा आले. तपासणीची लॅब तिसऱ्या मजल्यावर होती. वडिलांनी मावशींना खालीच थांबायला सांगितलं, पण त्या माझा दंड धरून चढल्या. पायरीपायरीला पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. कान दिला तर भाज्यांची नावं होती. रक्त वाढलं होतं. मी वाचलेला रिपोर्ट वडिलांना पटेना, त्यांनी तो लॅबवाल्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाले, "शीक बाई."

आम्ही उठलो. मावशी बाकावरून उठल्याच नाहीत.

"चढताना तुझ्याकडं बघत होते, बाळा. आता खाली बघावं लागायलंय."

वडील परत बसले. म्हणाले, ट्रंक तर न्यायची न्हाई, मग घाई कशाची. तेवढ्यात खालून काहीतरी जड गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. मावशींनी माझा हात आवळला. ट्रक आहे, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. लॅब बंद व्हायची वेळ होईपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून होतो.