सागाच्या झाडाला टांगलेला आरसा

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

सुट्टी होती, म्हणून माझी मैत्रीण शबाना आणि मी पक्षी बघायला जंगलात गेलो होतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच जंगल आहे, पण नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही. पायवाट सोडून बरंच आत गेल्यावर एका सागाला आरसा टांगलेला दिसला. खालची जमीन स्वच्छ झाडलेली होती. बाजूला दगडांची चूल आणि दोरीवर ओली साडी.

"इथं कोण राहून राह्यलं बाप्पा?" शबाना हळूच म्हणाली.

मी हाक मारली. झुडपामागून एका बाईचा आवाज आला, "तुमाले त्यानं पाठवलं का?"

"नाही हो ताई, आम्ही सहज आलो. कोणी त्रास देते का तुमाले? आमच्यासोबत चला."

"नाही. मी इथं आहे हे गावात सांगू नका. तो मारून टाकीन मले."

ती समोर आलीच नाही. आमचा डबा आणि पाण्याची बाटली चुलीजवळ ठेवून आम्ही निघालो.

शबाना म्हणते, पोलिसांना सांगू. मला वाटतं, चौकशी सुरू झाली की त्याला तिचा पत्ता लागेल. पण त्या जंगलात अस्वलं आहेत, आणि ती एकटी आहे.

उद्या आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुमच्यापैकी कोणी अशा घाबरलेल्या बाईला बाहेर आणलंय का? तिच्याशी आधी काय बोललात?