दीदींनी ओळखलेला पोटातला जंतू

चष्मा कपाळावर ढकलायचा, जंतू वाढवलेली कल्चरची बशी खिडकीच्या उजेडात तिरपी धरायची आणि कोणी काही विचारलं की म्हणायचं, "पयले पाहू दे, मंग बोल." समता कॉलोनीतल्या आमच्या लॅबच्या दीदी गेल्या वर्षी रिटायर होऊन भिलाईला गेल्या, तोवर हे रोज चालायचं. मी काउंटरवर रिपोर्ट टाइप करतो. त्यांच्या या वाक्यापायी पेशंटची बोलणी मी खाल्ली आहेत.

तुम्हीही कधी रिपोर्टसाठी ताटकळला असाल, तर अशा बाईला मनात शिव्या दिल्याच असतील. मीही दिल्या. मग पाळी माझ्या बाबांवर आली.

लघवी अडली म्हणून नळी घातलेली. बूढापाऱ्याच्या दवाखान्यात भरती होते, भारी इंजेक्शनं चालू, तरी ताप हटेना. बाबा बरळायला लागले, आईनं जेवण सोडलं. लघवीच्या कल्चरमध्ये एन्टेरोकोकस नावाचा जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, हा आतड्यात सगळ्यांच्याच असतो, सँपल खराब झालं असेल.

आणि झालंही होतं. नर्सची वाट न बघता, मोठी हुशारी दाखवत, नळीला लटकलेल्या थैलीतल्या साचलेल्या लघवीनं बाटली मीच भरली होती. लॅबमध्ये काम करणारा मी!

"काहून रे, इतके दिवस काय शिकला तू?" दीदी एवढंच बोलल्या आणि स्कूटर काढली. नळी बदलायला लावली, नव्या नळीतून लघवी घेतली, दंडातून रक्त घेतलं.

चौथ्या दिवशी त्यांनीच मला आत बोलावलं. लघवीत तोच, रक्तातही तोच. मायक्रोस्कोपखाली जोडीजोडीनं बसलेले जांभळे ठिपके, आणि ज्यावर जंतू वाढवतात ते पित्त घातलेलं माध्यम त्यानं काळंकुट्ट करून टाकलेलं, हीच त्याची खूण.

"पोटात असला तर गुपचूप राहते. नळीतून वर चढला, रक्तात गेला. तुमच्या इंजेक्शनले तो जुमानतच नाही. साधं जुनं अँपिसिलिन चालते त्याच्यावर."

डॉक्टरांना फोन त्यांनीच केला आणि औषध बदलून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, बाबांनी चहा मागितला. मी काउंटरमागे बसून रडलो, त्यात लाज कसली?

तीन आठवड्यांनी बाबा हट्टानं लॅबचा जिना चढून आले. त्यांना तो जंतू बघायचा होता. दीदींनी फ्रीजमधली बंद बशी दाखवली. जन्मभर रेल्वेत गार्ड राहिलेला माणूस, बशीला दरडावून म्हणाला, "आपल्या घरी राह. गावभर फिरू नको."

दीदी हसल्या नाहीत. आपलं स्टूल त्यांनी बाबांकडे सरकवलं.

"काका, आजवर बाटल्यांवरची नावंच वाचत आली मी. बरा होऊन भेटाले आलेला पेशंट, तुम्हीच पयले."