बुरुलचाचं उणे चिन्ह

किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या आमच्या नाटकघरात बुरुलचा एजे रंगमंचाखालच्या खोबणीत बसून नटांना शब्द पुरवायची. माझ्याहून लहान, तरी मी तिला एजे, म्हणजे ताईच म्हणतो. भर प्रयोगात तिने मला किती वेळा तारलंय! नट मुद्दाम थांबलाय की अडलाय, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. वाचायला तिला चष्मा लागत नसे, चेहरे पाहायला लागे.

हिवाळ्यात तो फुटला. तिने बिश्केकच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर नवा मागवला. नंबराच्या चौकटीत इथे सगळेच देतात तसा दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम देऊन ‘-3,5’ लिहिलं. कळफलकाला नाक लावून लिहिणारीला पडद्यावर काय उमटलं ते कुठलं दिसायला?

आलेल्या चष्म्यातून रंगमंच वाफेत बुडाल्यासारखा दिसू लागला. डोळे गेले, असं धरून तिने वसंतातल्या नाटकासाठी दुसरं कुणी बघायला सांगितलं. मग बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून सगळ्यांना वाटले. आमच्याकडे मेलेल्यांसाठी तेलाचा वास दरवळवतात ना, तसे, खोबणीतल्या स्वतःच्याच जागेसाठी.

माझ्याच्याने बघवेना. डोळ्यांपेक्षा मागणीतच काही बिघडलं असावं, असं मला वाटलं. ती वेबसाइट लिहिणारा उलारबेक आमच्या गावचाच, जुन्या रोषणाईवाल्याचा जावई. बुरुलचाला घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि त्याला तोच नंबर माझ्यासमोर लिहायला लावला. बोट उचलेपर्यंत उणे चिन्ह गायब, स्वल्पविराम गायब. उरले पस्तीस. ना लाल अक्षर, ना सूचना.

“आकडा मागितलाय, आगाय. आकडे ठेवतो, बाकी कचरा काढतो,” सूर्यफुलाच्या बियांची टरफलं चहाच्या पेल्यात थुंकत तो म्हणाला. आगाय ही आमच्याकडे वडीलधाऱ्याला मारायची हाक. दुकानवाल्यांनी पस्तीसचे साडेतीन स्वतःच केले आणि उण्याऐवजी अधिकची काच बसवली.

मला शिसारी आली. चूक कोण करत नाही? पण माणसाचं म्हणणं खोडायचं आणि त्याला कळूही द्यायचं नाही!

बुरुलचा शांतपणे म्हणाली, “नट चुकला तर मी त्याला सांगते, बाळा. त्याचं वाक्य गिळून टाकत नाही.”

त्याने तिथेच दुरुस्ती केली. आता उणे आणि स्वल्पविराम चालतात, अक्षर टाकलं तर चौकट तसं बजावते. बुरुलचाची नवी मागणीही नीट गेली. वर हा गृहस्थ म्हणतो, “दुकानाच्या मालकाला नका हं सांगू.” पुन्हा तीच शिसारी.

“माझ्यासारखे आणखी कितीजण?” तिने विचारलं. त्याने खांदे उडवले.

“मग मालकालाच फोन लाव. मी बसते इथे.”

त्याने लावला. नमस्कार झाला, हवापाणी झालं आणि तो अडला. बुरुलचा त्याच्या गुडघ्यापाशी वाकली. खोबणीतून शब्द पुरवणारा तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

“चूक माझी झाली,” ती कुजबुजली.