बांधातला वीर

महाडजवळच्या एका गावात मी भाताच्या खाचरातलं सगळं पाणी सोडून दिलं. इतिहासाच्या प्रेमापोटी.

छप्पन-सत्तावन्नची गोष्ट असेल. मुंबईतला माझा खोलीसोबती श्रावणात गावी निघाला आणि मी पाहुणा म्हणून मागे लागलो. गावी त्याची आई एकटी शेती बघायची. लावणी आटोपली होती, पण आठ दिवस पावसानं दडी मारलेली. खाचरात होतं तेवढंच पाणी.

जवळच्या सव गावची गरम पाण्याची कुंडं बघायला जायचं होतं. सोबती गाडी जुंपत होता, तेवढ्यात मी बांधावर चक्कर मारली. बांधाच्या तोंडाशी एक शिळा आडवी बसवलेली. चिखल पुसला तर ढाल-तलवार घेतलेला माणूस! वीरगळ! लढाईत पडलेल्याचं स्मारक, आणि या लोकांनी चिखलात लोळवलेलं! माझं रक्त उसळलं. शिळा ओढून काढली, धुतली, आंब्याखाली उभी केली, वर तेरड्याचं फूल वाहिलं. मागे पाणी वाहायला लागलं, तिथे चार मुठी चिखल थापला.

वाटभर मी सोबत्याला वारसा जपण्यावर व्याख्यान दिलं. शिळेचं मात्र बोललो नाही; परतल्यावर दाखवून चकित करायचा बेत होता. सवला दुपारपर्यंत कुंडात डुंबलो.

परत आलो तर खाचर रिकामं. माझा चिखल कधीच वाहून गेला होता. रोपं मान टाकून उभी आणि सोबत्याची म्हातारी आई हंड्यानं खालच्या ओढ्यातलं पाणी आणून ओतत होती. सकाळभर ती चुलीपुढे माझ्यासाठी घावने करत बसली होती, म्हणून शेताकडे फिरकलीच नव्हती.

मी सगळं कबूल केलं. सोबत्यानं शिळा उचलली, पुन्हा बांधात आडवी बसवली, चिखलानं लिंपली. माझं फूल चिखलातच गेलं. मी हंडा घ्यायला हात पुढे केला, तो म्हातारीनं दिला नाही.

"काकी, चुकलो," मी म्हणालो. "तो वीर होता, म्हणून..."

म्हातारीनं हंडा कमरेवर घेतला.

"व्हता ना? मग? मेला तरी माजं पानी राखीत व्हता रे त्यो. तू जित्ता हायस, तुला चार मुठी चिखल धड थापता येत नाय!"