बच्चे के लिए नाही, माझ्यासाठी!

आमच्या कँटीनमधलं आमचं टेबल म्हणजे किश्श्यांचं गोदाम आहे. तुम्ही काही करायची गरज नसते. नुसतं म्हणायचं, 'मला अमुक एक गोष्ट घ्यायचीय', की लोक आपण होऊन किस्से आणून टाकतात! साडी म्हटलं असतं, फ्लॅट म्हटलं असतं, तर एवढे जमले नसते. मी म्हटलं, मला हातात धरून खेळायचा जुना गेम कन्सोल घ्यायचाय.

जुना म्हणजे मोबाइलच्याही आधीचा. जाडजूड, पिवळट पडलेला, पेन्सिल सेलवर चालणारा. स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही, खिडकीशी बसून खेळायचं. कंपनीनं हे मॉडेल थोडंच काढलं आणि बंद केलं, म्हणून दुर्मीळ आणि म्हणून महाग. आणि घेणार कोण? तर मी! पन्नाशी ओलांडलेली, मूळची मिरजेची, लखनौच्या एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारी बाई.

*

पहिला मान तिवारी सरांचा. आमच्यात सगळ्यात सीनियर.

"माधुरी जी, बच्चे के लिए?"

"नहीं सर, मेरे लिए."

सरांचा डाळीचा चमचा वाटेतच थांबला. मग त्यांनी मला समजावलं, अगदी प्रेमानं. हे सगळे गेम फोनवर फुकट मिळतात. तेच गेम, वर स्क्रीन चांगला. "तो फिर इस डिब्बे का फ़ायदा क्या?"

मुद्दा बिनतोड होता. पण सरांच्या मनगटावर त्यांच्या वडिलांचं चावीचं घड्याळ होतं. रोज सकाळी ऑफिसात आले की आधी त्याला चावी देतात, मग कॉम्प्युटर सुरू करतात.

मी विचारलं, "सर, आपके फ़ोन में टाइम नहीं आता क्या?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "लंच टाइम ओवर!" आणि ताट घेऊन उठले.

*

नवरा अविनाश रेल्वेत इंजिनियर. घरात मिक्सर आला तरी तो आधी इन्स्पेक्शन करतो.

"स्पेअर्स मिळतात?"

"नाही."

"सर्व्हिस सेंटर? वॉरंटी?"

"नाही रे."

"मग टेक्निकली हे चूक आहे."

मी म्हटलं, "तुला बीपीची गोळी, गुडघ्याला पट्टा, चष्म्याचा नंबर दरवर्षी नवा. तुझे स्पेअर्स मिळतात का कुठे? तरी ठेवलाय ना मी?"

तो उठून आत गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आहे आपल्याकडे. सांगून ठेवतो."

*

लेक सई. जन्मापासून लखनौत. मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी.

"मम्मा, इसमें वाईफाय है?"

"नाही."

"कैमरा? नोटिफिकेशन?"

"काहीच नाही गं."

"तो ये करता क्या है, यार?"

"तेच तर! गप्प राहतो. मी कुठे आहे ते कुणाला सांगत नाही, आणि मला कुणी बोलावलं तर मला कळवत नाही."

सईनं जरा विचार केला. "अच्छा... ऐसा फ़ोन नहीं आता?"

*

अमीनाबादच्या बाजारातही चक्कर मारून आले. कपड्यांच्या गर्दीतून वाट काढत एका खेळण्यांच्या दुकानात पोचले. दुकानदारानं तसाच दिसणारा, पण कोरा करकरीत डबा समोर ठेवला.

"मैडम, इसमें चार सौ गेम हैं!"

"मुझे एक ही चाहिए."

त्यानं छातीवर हात ठेवला. "एक पे टिकने वाले लोग अब कहाँ रहे, मैडम!"

मी भारावलेच. तेवढ्यात तो म्हणाला, "बाक़ी तीन सौ निन्यानवे मत खेलिएगा. पैक कर दूँ?"

*

आता कुणी म्हणेल, बाईंना हे खूळ लागलं कुठून? सांगते.

मी शाळेत असताना माझा मामेभाऊ दुबईहून आला, तेव्हा असला कन्सोल घेऊन आला होता. गल्लीतल्या सगळ्या मुलांच्या हातून तो फिरला. माझी पाळी आली तेव्हा मामा म्हणाला, "तू नको गं. मुलींचे हात ओले असतात, मशीन खराब होईल."

मला काम दिलं होतं कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणायचं. सुट्टी संपेपर्यंत मी सेल आणत होते आणि पोरं ते संपवत होती.

आज आमच्या इन्स्टिट्यूटचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मी चालवते. अजून ओल्या हातांनी खराब झालेला नाही!

*

तर, घेतला का? घेतला. एकालाही न पटवता घेतला. रोज माझ्या बॅगेत असतो.

पण घ्यायला गेले तो दिवस सांगायचा राहिलाच.

जाहिरात टाकणारा मुलगा बंगळूरचा, कन्सोल मात्र त्याच्या आईकडे, इथे लखनौतच, विकास नगरात. त्यानं फोनवर आधीच ऐकवलं होतं, "आंटी, जल्दी कीजिए. पुराने गेम जमा करने वाला एक कलेक्टर भी माँग रहा है, काँच के बक्से में रखेगा."

गेले. दार उघडलं सक्सेना आंटींनी. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या, पांढराशुभ्र बॉबकट.

मी म्हटलं, "वो... आपके बेटे का गेम देखने आई हूँ."

"बेटे का?" आंटी उसळल्या. "बेटे को तो मैंने कभी हाथ नहीं लगाने दिया! कॉपियाँ जाँचते-जाँचते दिमाग़ पक जाता था, तब खेलती थी मैं. काँच के बक्से वाले को मना कर दिया है. आप खेलेंगी न?"

"खेलूँगी."

"तो बैठिए. चलाकर दिखाती हूँ."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला, सेल घातले, खुर्ची खिडकीशी ओढली, चष्मा कपाळावर चढवला. डब्यातून टुकटुक आवाज सुरू झाला. दोन्ही अंगठे असे धावायला लागले की मी बघतच राहिले.

थोडा वेळ गेला. मग मी धीर करून विचारलं, "आंटी, सब पूछते हैं, इसलिए पूछ रही हूँ. सच बताइए, ये लेने लायक है?"

आंटींनी मान वर केली नाही. "एक मिनट, बेटा. बस, मरने ही वाली हूँ. मर जाऊँ, फिर बताती हूँ."

मी बसले. चहावर साय धरली. मुलाचा फोन आला, आंटींनी कोपरानंच मोबाइल पालथा केला. ऊन खिडकीतून सरकलं, तशी त्यांनी खुर्चीही सरकवली.

बाई काही मरेचनात!